स्थळ आलंय व्यंगचित्रकाराचं

"वहिनी, नळ आला का तुमचा?"

सिडकोतल्या आमच्या ओळीत हा प्रश्न आठवड्यातून एकदाच खरा असतो. एरवी काकूंनी तो भिंतीवरून टाकला की समजायचं, काहीतरी बातमी आहे. मी बादली तिथंच ठेवून भिंतीशी गेले.

"भाचीच्या पोरीला स्थळ आलंय," काकू म्हणाल्या. "पोरगं दिसायला चांगलं. गारखेड्यात स्वतःचं घर. आईबाप दोघं शिक्षक. समदं जुळायलंय. पण पोरगं चित्रं काढतंय. पेपरात."

"मग बिघडलं काय?"

"साधी चित्रं नव्हं हो. नाकं मोठी करून काढतात ती. आता पोरीच्या बापानं चारचौघांत काय सांगायचं? जावई काय करतो, तर पुढाऱ्यांची नाकं मोठी करतो! तुम्ही पेपरात होतात म्हणून तुम्हाला विचारायले."

काकू चुकीच्या माणसाकडे आल्या नव्हत्या. माझी सगळी नोकरी याच गावातल्या एका दैनिकात प्रुफं तपासण्यात गेली. आमचा व्यंगचित्रकार माझ्या समोरच्याच टेबलावर बसायचा. माझ्या हातून शुद्धलेखन सुटलं की तो त्या चुकीच्या शब्दाचं चित्र काढून माझ्या डब्यावर ठेवायचा. तेव्हा या जमातीविषयी दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालते.

"काम कितीसं असतं पण त्याला?" काकू म्हणाल्या. "चार रेघा. अर्ध्या तासाचा तर खेळ."

"रेघांना अर्धा तास पुरतो. त्याआधीचे आठ तास कोण मोजणार?"

मग त्यांना सगळा दिवसच सांगितला. सकाळी मराठी पेपर सगळे, हिंदीतले एक-दोन, आणि आपल्या गावात असल्यामुळे उर्दूही. ते नुसतं वाचन नसतं. कोण काय बोललं, कालचं बोलणं आज कोणी फिरवलं, कोण कोणाच्या लग्नात कोणाशेजारी जेवायला बसलं, हे सगळं डोक्यात साठवायचं. दुपारी संपादकांच्या खोलीत बैठक. तिथून बाहेर पडला की चार वाजेपर्यंत हा माणूस काहीच करत नाही असं वाटायचं. खिडकीबाहेर बघतोय, कान कोरतोय, तिसरा चहा मागवतोय. नवा शिपाई एकदा मला हळूच विचारून गेला, "मॅडम, ह्यांना पगार कशाचा मिळतो?"

चार ते पाच हा मात्र खरा घातवार. त्या तासात कोणी त्याच्याशी बोलायचं नाही. पाचच्या सुमाराला तळहाताएवढी तीन-चार पेन्सिलीची कच्ची चित्रं घेऊन तो संपादकांकडे जायचा. एक बाद व्हायचं, कारण वकिलाला विचारावं लागलं असतं. दुसरं बाद व्हायचं, कारण जाहिरात विभागाला विचारावं लागलं असतं. चांगलं नेमकं दुसरं असायचं. उरलेल्यातलं एक घेऊन तो टेबलावर यायचा आणि शाईला हात घालायचा. छापायचं त्याच्या दुप्पट आकारात काढायचं, म्हणजे लहान झाल्यावर रेघ आवळून येते. जुन्या काळी जस्ताचा ब्लॉक करून यायचा आणि पेपरचा कागद असा की शाई पसरायची. बारीक रेघा एकमेकींत मिसळून नुसता काळा डाग उठायचा. म्हणून त्या पिढीच्या रेघा ठसठशीत. पुढे ऑफसेट आलं, ब्रोमाइड आलं, कात्रीनं कापून पान चिकटवण्याचे दिवस आले आणि गेले. आता हा गारखेड्याचा मुलगा काचेच्या पाटीवर काढत असेल, चूक झाली की बोटानं मागे जात असेल. पण चार वाजता डोकं कोरं असण्यावर कोणत्याही कंपनीनं अजून बटण काढलेलं नाही.

"मग आपल्या पाण्यावर काढावं की त्यानं," काकू म्हणाल्या. "विषय दारात आहे. मी सांगते चित्र. एक बाई, डोक्यावर हंडा. मागं लेकरू. पुढं टँकर. टँकरवर नगरसेवक, गळ्यात हार. वर ढग, पण कोरडे. बाजूला जायकवाडी भरलेलं. आणि बाई म्हणायली..."

"काकू, ही तर दिंडी झाली. विठ्ठल कुठं उभा करणार?"

काकू हसल्या, पण त्यांना थोडं लागलंही. म्हणून नीट सांगितलं. हीच तर त्या तासातली मारामारी असते. पहिल्या झटक्याला सगळ्यांना हंडा, टँकर आणि कोरडा नळच सुचतो. तुम्हाला सुचलं, मला सुचलं, दुसऱ्या पेपरातल्यालाही सुचलं असणार. तेव्हा ते टाकून द्यायचं. दुसरं सुचतं तेही बऱ्याच वेळा टाकायचं. उदाहरणार्थ आमच्या माणसानं एकदा असं धरलं होतं: हे गाव १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलं मलिक अंबरनं. पुढे त्यानंच नहर खणून डोंगराकडचं पाणी खापराच्या नळांतून गावात आणलं, पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर. मग मलिक अंबरालाच महापालिकेत आणू या. पहिल्या कच्च्या चित्रात मलिक अंबर, आयुक्त, अभियंता, भिंतीवर नकाशा आणि प्रत्येकाच्या तोंडी एकेक वाक्य. दुसऱ्यात आयुक्त गेले. तिसऱ्यात अभियंत्याचं वाक्य गेलं. शेवटी काय उरलं? खिडकीपाशी भली मोठी रांग आणि रांगेत सगळ्यात मागे, हातात घागर घेऊन, अंगरखा घातलेला मलिक अंबर. तोंडातून अक्षर नाही. खाली नाव लिहायचं की नाही, यावर संपादकांशी त्याचं अर्धा तास भांडण झालं. तो म्हणे, नाव लिहिलं की चित्र मेलं. संपादक म्हणे, नाही लिहिलं तर वाचकाला कळणार नाही. मी प्रूफवाली. मला विचारलं असतं तर लिहू नका म्हटलं असतं, तेवढंच एक प्रूफ कमी.

आता आपल्या गावची नवी पाणी योजना घ्या. ती १६८० कोटींची होती, ती २७४० कोटींवर गेली. यात चित्र कुठं आहे ते शोधा म्हणावं त्या मुलाला. आकडा लिहून टाकला तर ती बातमी. आकडा फुगतोय आणि नळ तसाच आहे, हे एका रेघेत दिसलं पाहिजे.

शब्दाशिवाय काय करता येतं ते आपल्याकडे शि. द. फडणीसांनी दाखवलं. 'मोहिनी'च्या १९५२च्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आठवतं का? तुमच्या-माझ्या जन्माआधीचं, पण ते चित्र पुढेही पुन्हापुन्हा छापलं गेलंय. तरुणीच्या साडीवर मांजरांची नक्षी, शेजारच्या पुरुषाच्या शर्टावर उंदरांची. संपलं. पुढचं सगळं बघणाऱ्यानं करायचं. त्यांनी शाळेच्या गणिताच्या पुस्तकातसुद्धा हसवलं. पण फडणीस राजकारणाच्या वाटेला फारसे गेले नाहीत आणि वर्तमानपत्रातल्या माणसाला ती सोय नसते.

राजकीय चित्राचा मला आवडलेला नमुना अबू अब्राहमचा. आणीबाणीतला, डिसेंबर १९७५, 'इंडियन एक्स्प्रेस'. राष्ट्रपती स्नानगृहात टबात बसलेत आणि दाराच्या फटीतून सही केलेला वटहुकूम बाहेर देतायत. आणखी असतील तर जरा थांबायला सांगा, अशा अर्थाची एक ओळ. सेन्सॉरच्या काळात हे छापून आलं. काकूंना मी हे चित्र हातवारे करून सांगितलं, तेव्हा समोरच्या घरातल्या आजोबांनी गच्चीवरून वाकून बघितलं. त्यांचा काय समज झाला असेल कोण जाणे.

"ते मोठ्या लोकांचं झालं," काकू म्हणाल्या. "दिल्लीतला माणूस दिल्लीत. ह्या पोराला ज्यांची नाकं काढायची ते तर रोज पैठण गेटावर भेटतील."

इथं काकूंनी बरोबर शिरेवर बोट ठेवलं. मुंबईच्या व्यंगचित्रकाराला पंतप्रधान काढायला काही वाटत नाही. पंतप्रधान काही त्याच्या गल्लीत दूध आणायला येत नाहीत. आर. के. लक्ष्मण इंदिरा गांधींचं नाक लांबवू शकले, कारण ते नाक अख्ख्या देशाला पाठ होतं. गावच्या व्यंगचित्रकाराचं दुहेरी मरण. एक तर वॉर्डातल्या पुढाऱ्याचा चेहरा वाचकाला ठाऊक नसतो. तो आधी महिनोन्‌महिने काढून काढून ओळखीचा करावा लागतो: हा तो गॉगलवाला, हा तो बोलताना भुवई उडवणारा. बरं, नुसतं नाक मोठं करून भागत नाही. माणसात एकच खूण अशी असते की ती धरली की बाकी सगळं सोडून दिलं तरी चालतं. ती सापडेपर्यंत आमचा माणूस महापालिकेच्या सभेला पत्रकारांच्या बाकावर जाऊन बसायचा आणि पुढाऱ्यांकडे असा टक लावून बघायचा की एकानं विचारलं होतं, "हे इन्कमटॅक्सचे का?"

दुसरं मरण म्हणजे, एकदा चेहरा जमला की तोच माणूस दुसऱ्या दिवशी गुलमंडीवर समोरून येतो. आमच्याकडे एकदा असंच झालं. एका नगरसेवकाला कचऱ्याच्या ढिगावर सिंहासन टाकून बसवलेलं. २०१८ साली आपल्याकडे कचऱ्यावरून जे रामायण झालं, त्याच्याही बऱ्याच आधीची गोष्ट. सकाळी फोन आला, साहेब येतायत. सगळं ऑफिस सरसावून बसलं. साहेब आले ते पेढे घेऊन. म्हणाले, मूळ चित्र द्या, फ्रेम करून बैठकीत लावायचंय. तासाभरानं दुसऱ्या एकाचा माणूस आला. त्याची तक्रार वेगळी होती: आमच्या साहेबांचा वॉर्ड काय कमी घाण आहे का, त्यांचं कधी काढणार?

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. पण लगेच गंभीर झाल्या. "समदेच काही पेढे आणत नाहीत. दगडही आणतात."

आणतात. ते नाकारून कसं चालेल? मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा निघाला तो आपल्याच गावातून, क्रांती चौकातून, ९ ऑगस्ट २०१६ला. कोपर्डीच्या घटनेनंतरचा. एवढी माणसं आणि घोषणा नाही, असं या गावानं आधी पाहिलं नव्हतं. पुढे सप्टेंबरात 'सामना'च्या रविवारच्या पुरवणीत त्या मोर्चावर एक व्यंगचित्र आलं, शब्दाची कोटी करणारं. कोटीनं घात केला. नवी मुंबई-ठाण्यात पेपरच्या कार्यालयांवर दगड पडले आणि उद्धव ठाकरेंना माफी मागावी लागली. दगड मारणं वाईटच. पण माझ्या प्रूफवाल्या डोळ्यांना ते चित्र म्हणूनही कच्चं वाटलं. ज्या गोष्टीत लोकांचं दुःख गुंतलंय तिथं शब्दाशी खेळायला जायचं, म्हणजे चार वाजताची पहिलीच कल्पना टाकून न देता तशीच छापायची. व्यंगचित्रकारानं वरच्याला बोचावं. दुःखात असलेल्याला बोचलं की ते व्यंगचित्र राहत नाही, टवाळी होते.

आणि शाई कधी वाळेल याचाही भरवसा नाही. राज्यघटना तयार होत होती तेव्हा, १९४९ साली, व्यंगचित्रकार शंकरनं एक चित्र काढलं होतं: घटनेची गोगलगाय, वर चाबूक घेतलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. त्या वेळी छापलं गेलं आणि लोक विसरलेही. तेच शाळेच्या पुस्तकात गेलं आणि २०१२ मध्ये पेटलं. काढणाऱ्याच्या मनात कामाची संथ गती असेल, पण मधल्या काळात बघणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या. चाबूक कोणाच्या हातात आणि कोणाच्या पाठीशी, हे लोकांना आता वेगळं दिसलं. संसदेत गोंधळ झाला, पुस्तकातून चित्र गेलं. पुण्यात त्या पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांच्या विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली, ती मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात असीम त्रिवेदीला मुंबईत व्यंगचित्रांवरून थेट राजद्रोहाखाली धरलं. मग उच्च न्यायालयानं सरकारला बजावलं की हे कलम असं ऊठसूट लावता येणार नाही.

"बघा," काकू म्हणाल्या, "मी म्हणतच होते. जेल!"

"काकू, जेलचं सोडा. या जमातीतला माणूस कुठवर जातो ते बघा. तुमच्या आधार कार्डावर गावाचं नाव काय आहे?"

"संभाजीनगर. पोरानं बदलून आणलं."

"ते नाव जाहीर सभेत कोणी दिलं?"

काकू गप्प. मग हळूच म्हणाल्या, "बाळासाहेबांनी."

तर. १९८८ साली, सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर. सरकारी कागदावर ते २०२३ मध्ये उतरलं. नावावर कोणाचं काय मत ते ज्याचं त्याच्यापाशी, आपल्या ओळीत दोन्ही मतांची घरं आहेत आणि वाटी दोन्हींकडे जाते. पण माझ्यासारख्या पेपरवालीला त्यातली गंमत वेगळीच दिसते: तो माणूस पोटासाठी व्यंगचित्रं काढायचा. 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये नोकरीला होता. इंग्रज व्यंगचित्रकार डेव्हिड लो हा त्याचा आदर्श. हाच तो लो, ज्याच्या चित्रांपायी हिटलरच्या राजवटीनं त्याच्या पेपरला जर्मनीत बंदी घातली होती. नोकरी सोडून भावाबरोबर 'मार्मिक' काढलं, १३ ऑगस्ट १९६०. प्रकाशनाला यशवंतराव चव्हाण, म्हणजे पुढे ज्यांची चित्रं निघायची त्यांच्याच हस्ते! अंकात मधोमध 'रविवारची जत्रा'. लोक आधी तेच पान उघडायचे. शिवसेना त्यानंतर सहा वर्षांनी आली. पक्ष काढल्यावर मात्र एक झालं. दुसऱ्यांची चित्रं काढणारा माणूस स्वतःच चित्राचा विषय झाला, आणि हळूहळू कुंचला मागे पडला. चित्रकार म्हणून हा तोटाच, असं माझं मत. ते त्या काळी ऑफिसात मोठ्यानं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

काकूंना आता मुलाविषयी थोडा आदर वाटू लागला होता. पण संसारी बाई. "पगाराचं सांगा," म्हणाल्या.

पगाराचं फारसं सांगण्यासारखं नाही. व्यंगचित्रावर मजेत जगलेली मराठी माणसं बोटांवर मोजावी. आपल्या मराठवाड्यातले, भूमचे हरिश्चंद्र लचके पूर्णवेळ त्यावर जगले, ते त्या काळात नवलच. वसंत सरवटे एसीसी सिमेंटमध्ये इंजिनीअर होते. दिवसा सिमेंट, संध्याकाळी रेघ. 'ललित'मध्ये जयवंत दळवींच्या ठणठणपाळाला त्यांनी जे रूप दिलं, ते नोकरी सांभाळून दिलं. बाकीच्यांना दिवाळी अंकांनी जगवलं. 'आवाज'ची खिडकी आठवते ना? ते पान आमच्या घरी वडील आधी उघडून बघायचे आणि मग अंक कपाटावर ठेवायचे. खुर्चीवर चढून आम्ही तो काढायचो.

जिल्ह्याच्या पेपरातला व्यंगचित्रकार नुसता व्यंगचित्रकार कधीच नसतो. अपघाताचा नकाशा तोच काढतो, निवडणुकीचा तक्ता तोच, गणपतीच्या पुरवणीचं मुखपृष्ठ तोच, आणि मालकांच्या नातवाच्या वाढदिवसाची पत्रिकाही तोच. यातून वेळ उरला तर व्यंगचित्राची चौकट. आणि आता तर चौकटच जायला लागली. आवृत्त्या वाढल्या तसा हिशेब सोपा झाला: मुख्यालयात एक चित्र काढून घ्यायचं आणि सगळ्या गावांत तेच छापायचं. एका चित्रात सगळ्या आवृत्त्या भागतात, पैसे वाचतात. मग होतं काय, मंत्रालयातल्या खुर्च्यांवर आपण रोज हसतो आणि आपल्या रस्त्यातल्या खड्ड्यावर हसायला कोणीच नाही. पुण्याच्या मंगेश तेंडुलकरांनी वाहतुकीवरची चित्रं छापून नळ स्टॉप चौकात स्वतः उभं राहून लोकांना वाटली. आपल्या क्रांती चौकात तसा माणूस कधी उभा राहील?

"राहील, राहील. आमचा जावई राहील," काकू म्हणाल्या. जावई होऊनही मोकळा झाला होता! "फक्त एक सांगा. घरात कसा असतो असला माणूस? सासूचं चित्र काढणार नाही ना?"

काढेल. शंभर टक्के काढेल. पण फडणीसांच्या पत्नी शकुंतलाबाई स्वतः विनोदी लिहायच्या, लक्ष्मण यांच्या कमलाबाई मुलांसाठी लिहायच्या. म्हणजे दोघींनी हिशेब चुकता केला असणार. तुमची नात लेखी उत्तर द्यायला समर्थ आहे का तेवढं बघा. आमचा माणूस घरी फार कमी बोलायचा, असं त्याची बायको सांगायची. विनोदी माणसं घरी हसवतात, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. चार ते पाच या वेळात त्याला भाजी आणायला पाठवू नका, ही पहिली सूचना. रात्री अकराला फोन आला की चित्र बदलायचंय, तर भांडू नका, ही दुसरी. आणि सकाळी पेपर आला की चित्राबद्दल खरं मत द्या. छान आहे, छान आहे, करत बसलात तर तो बिघडेल.

माझं मत विचाराल तर मुलगी द्यावी. पण मुलाला बघायच्या कार्यक्रमात पगाराआधी एक प्रश्न विचारावा: गेल्या महिन्यात या गावावर किती चित्रं काढलीस आणि त्यातली छापून किती आली? काढलेली पुष्कळ आणि छापलेली थोडी, असं उत्तर आलं तर मुलगा चांगला आहे, संपादक बदलायला हवा. काढलीच नाहीत म्हणाला, तर मात्र दुसरं स्थळ बघा.

आणि तुम्ही-आम्हीही एवढं करू या. उद्या पेपर उघडला की चौकटीखालची सही वाचा. सही आपल्या गावातल्या माणसाची असेल, तर कार्यालयात फोन लावा आणि चित्र आवडलं की नाही ते सांगा. असे चार फोन गेले तरी ती चौकट कापायला मालकांचा हात जरा अडखळतो. हे मी त्याच कार्यालयात बसून पाहिलेलं आहे.